वाकलेलं तांबं

संघमित्रा गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाला आलेले पाहुणे आपापल्या गावी परतले. मंडपवाला खुर्च्या भरून घेऊन गेला. सुरतेला कामाला असलेला मुलगा बुद्धभूषण, त्याचीही रजा संपली. शिंदखेड्याच्या त्या दोन खोल्यांच्या घरात चिंधा बैसाणे आणि मंदाबाई दोघंच उरले, आणि मग जळगावहून बोरसे सरांचा फोन आला.

योगेंद्र बोरसे म्हणजे विद्यापीठातले प्राध्यापक. संघमित्रा त्यांच्याच हाताखाली पीएच.डी. करत होती.

“तिचं होस्टेलमधलं सामान आम्ही डिपार्टमेंटला आणून ठेवलंय,” सर म्हणाले. “आणि अजून एक आहे. ती आजारी पडली तेव्हा भट्टीत जे लावलेलं होतं, ते निघालंय. चांगलं निघालंय. तुम्ही दोघांनी येऊन एकदा बघावं, असं वाटतं.”

चिंधाने ‘बरं’ म्हणून फोन ठेवला.

“काय म्हनतस सर?” मंदाबाईने चुलीपाशी बसल्या बसल्या विचारलं. गॅस होता, पण भाकरी ती चुलीवरच करायची.

“तिन्हं तांबं निघनं.”

मंदाबाईने परातीतलं पीठ तसंच ठेवलं आणि हात धुतले. त्या दिवशी भाकरी झाल्या नाहीत.

ते तांबं काय होतं, हे चिंधाला ठाऊक होतं. म्हणजे लेकीने सांगितलं तेवढं. तो शिंदखेडा डेपोचा एसटी ड्रायव्हर. धुळे, दोंडाईचा, शिरपूर, जळगाव अशा सगळ्या मार्गांवर त्याने गाडी ओढलेली. शाळा त्याची लवकर सुटली होती, पण लेक काय शिकते हे विचारायची त्याला लाज नव्हती. मागच्या दिवाळीत संघमित्रा घरी आली, तेव्हा पाण्याचा तांब्या उचलून तिने त्याला समजावलं होतं.

“आबा, ह्या तांब्यात तांबं एकसंध दिसतं ना? तसं नसतं. आत बारीक बारीक लाखो दाणे असतात, एकमेकांना चिकटलेले. एका दाण्यात अणू अगदी रांगेत उभे. पण शेजारच्या दाण्याची रांग भलतीकडेच तोंड करून. मी जे तांबं करतेय ना, ते ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच दाणा. एकच रांग.”

“नि ते करतस कसं?”

मग तिने भट्टीचं सांगितलं. ग्रॅफाइटचा लांबट साचा, त्याचं बूड शिसपेन्सिलीसारखं टोकदार. त्यात तांबं वितळवायचं. मग तो साचा भट्टीच्या तापल्या भागातून गार भागाकडे खाली सोडायचा, पण इतका सावकाश की समोर बसलं तरी हलताना दिसू नये. आधी टोक गार होतं, तिथे पहिला दाणा धरतो, आणि वरचं पातळ तांबं त्याच्या पाठोपाठ त्याच्याच रांगेत गोठत जातं. घाई केली, धक्का बसला, लाइट गेली, की मध्येच दुसरा दाणा धरतो आणि सगळं पहिल्यापासून.

“मंग त्यानं काय व्हस?” चिंधाने विचारलं होतं.

“तांबं मुळात कसं असतं ते त्यात कळतं. दाण्यांच्या गर्दीत कळत नाही.”

तिची बरीच तांबी फुकट गेली होती. एकदा साच्याला चिकटून बसलं, एकदा पंप बंद पडला, आणि नीट निघालं तेव्हा त्याची दिशा भलतीच होती. कारण दाणा कुठल्या दिशेला तोंड करून धरेल ते आपल्या हातात नसतं, आणि संघमित्राला एक ठरावीक दिशा हवी होती. ती भेटेना. फोनवर ती आईला म्हणायची, “ह्या खेपेला निघालं तर महिनाभर घरी येऊन झोपते बघ.”

पोळा होऊन गेल्यावर तिने पुन्हा भट्टी लावली. तिच्यासोबत काम करणारी रूपा, पहूरची मुलगी, गौरीसाठी घरी गेलेली. भट्टी आपली आपण चालायची, पण पंपाचं पाणी बघायला आणि लाइट गेली तर जनरेटरवर घ्यायला कुणीतरी लागायचंच. संघमित्रा एकटी थांबली. त्याच दिवसांत तिला ताप भरला. हाडं मोडल्यासारखी दुखतात म्हणाली. होस्टेलच्या डॉक्टरने गोळ्या दिल्या, रक्त तपासायला सांगितलं. बोरसे सरांनी घरी जा म्हणून सांगितलं. ती म्हणाली, रविवारी साचा खाली पोचतो सर, मग जाते.

शनिवारी तिचा फोन आला. आवाज हलका होता. “आई, ताप उतरला. एकदम गार लागतंय अंग. काळजी नको करू.”

डेंग्यूचा ताप उतरतो, तेव्हाच खरा धोका असतो, हे मंदाबाईला कुणी सांगितलेलं नव्हतं. लेकीलाही नव्हतं. संध्याकाळी ती प्रयोगशाळेच्या दारात कोसळली. शिपायाने आणि सरांनी तिला गाडीत घालून दवाखान्यात नेलं. चिंधा तेव्हा शिरपूरची गाडी घेऊन गेला होता. निरोप मिळाल्यावर त्याने गाडी डेपोला लावली, मंदाबाईला घेतलं आणि भेटेल त्या वाहनाने जळगाव गाठलं. लेक बोलण्याच्या पलीकडे गेली होती. सोमवारी ती गेली.

आणि भट्टी रविवारी आपलं काम पुरं करून गार होत बसली होती.

दोघं सकाळच्या पॅसेंजरने निघाले. अमळनेर गेलं, धरणगाव गेलं. बाहेर कापूस फुटायला लागला होता. मंदाबाई खिडकीशी बसून होती आणि तिच्या मांडीवर रिकामी पिशवी होती, लेकीचे कपडे आणायला. चिंधाच्या डोक्यात एकच फिरत होतं. घरी जा म्हणून सांगितलं म्हणता, तर ती भट्टी तुम्ही बंद का नाही केली? एक बटण तर दाबायचं होतं. हे सरांना विचारायचं, असं त्याने ठरवलं होतं.

विद्यापीठात रूपा त्यांना घ्यायला दारापर्यंत आली. वाळलेली, चष्म्याची मुलगी. मंदाबाईच्या पाया पडायला वाकली आणि तशीच तिच्या गळ्यात पडून रडली. मंदाबाईने तिच्या पाठीवरून हात फिरवला.

प्रयोगशाळा म्हणजे एक लांब खोली होती. कोपऱ्यात माणसाच्या उंचीची भट्टी, उभ्या नळकांड्यासारखी, शेजारी पंप. एका खुर्चीच्या पाठीवर संघमित्राची ओढणी तशीच होती. ती कुणी हलवली नव्हती.

“बसा ना,” बोरसे सर म्हणाले. पन्नाशीचा माणूस, पण एवढ्या दिवसांत पार उतरलेला. कुणी बसलं नाही.

“सर, तुम्ही तिला घरी जा म्हटलं,” चिंधा म्हणाला.

“हो.”

“नि भट्टी नाही बंद केली.”

“नाही केली.”

चिंधाला वाटलं होतं, ते काहीतरी कारण देतील आणि मग आपल्याला ओरडता येईल. पण त्यांनी मान खाली घातली आणि नुसते उभे राहिले.

मग रूपाने कापसाने भरलेला ट्रे आणला. त्यात तांब्याची कांडी होती. करंगळीएवढी जाड, वीतभर लांब, एका बाजूला टोक काढलेलं. तेजाबात धुतल्यामुळे तिच्यावर एक वेगळीच झाक होती.

“बघा,” रूपाने ट्रे हळूच तिरका केला. कांडी एका क्षणी पूर्ण काळसर होती आणि पुढच्या क्षणी अख्खी एकदम उजळली, टोकापासून टोकापर्यंत. “साध्या तांब्यात असं होत नाही, काकू. तिथे ठिपके ठिपके चमकतात, प्रत्येक दाणा वेगळ्या वेळी. हिच्यात दुसरा दाणाच नाही. आणि दिशाही तिला हवी होती तीच आलीय. आम्ही तपासली.”

मंदाबाईने ट्रेच्या कडेला बोट लावलं, कांडीला नाही. “तिनं नही देखं हाई,” ती पुटपुटली.

तेवढ्यात सरांना कुणीतरी बाहेरून हाक मारली, ते दारापर्यंत गेले. रूपा मंदाबाईला धरून उभी होती. चिंधाने पुढे होऊन कांडी उचलली. दोन्ही टोकांना दोन हातांनी धरून त्याने ती डोळ्यांसमोर नेली. ह्याच्यासाठी. ह्या एवढ्याशा तांब्याच्या कांडीसाठी माझी लेक घरी आली नाही.

“आबा, सांभाळून,” रूपा म्हणाली.

पण तोवर कांडी वाकली होती. चिंधाला काही आवाज आला नाही, काही जोर लागला नाही. ओल्या मातीची कांडी वाकावी तशी ती त्याच्या हातात मऊपणे वाकली आणि तशीच राहिली. तो घाबरला. पटकन सरळ करायला गेला, तर ती हलेना.

“नका, नका!” सर धावत आले. “उलटी नका वाकवू.”

त्यांनी ती त्याच्या हातातून काढून घेतली. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. मंदाबाई नवऱ्याकडे बघत होती, आणि तिच्या त्या बघण्यात काय आहे ते चिंधाला लगेच कळलं.

“चूक माझी,” सर म्हणाले. “मी आधी सांगायला हवं होतं.”

“आता काय उपयोग हिचा?” मंदाबाईने विचारलं.

सरांनी कांडी ट्रेमधल्या कापसावर परत ठेवली.

“मग मी घेऊन जाते.”

तिने लेकीची ओढणी खुर्चीवरून काढली, त्यात कांडी गुंडाळली आणि कपड्यांच्या पिशवीत वर ठेवली.

घरी आल्यावर ती कांडी कपाटात, संघमित्राच्या साड्यांच्या घडीत गेली. नवरा-बायकोचं बोलणं कामापुरतं उरलं. डबा भरला, पाणी आलं, बुद्धभूषणचा फोन आला होता. चिंधा ड्यूटीवर जायचा, यायचा, अंगणात खाट टाकून बसायचा. शेजारची शेवंताबाई मंदाबाईपाशी येऊन बसायची, तर तिच्याशी मंदाबाई बोलायची. तो आत आला की बोलणं थांबायचं.

एकदा तो दुपारी अवेळी घरी आला, तेव्हा मंदाबाई जमिनीवर बसलेली दिसली. ओढणी सोडून तिने कांडी गुडघ्यावर टेकवली होती आणि दोन्ही हातांनी ती सरळ करायला बघत होती. कांडी तसूभर हलत नव्हती.

त्याला बघून ती थांबली.

“तुम्ही ते मुद्दाम वाकाडं,” ती म्हणाली.

“नही, मंदा.”

“मंग हाई देखा. मन्हा बठ्ठा जोर लायी दिधा. हलस का?” तिने कांडी त्याच्यापुढे धरली. “वाकाडी दखाडा माले.”

“त्या दिन नरम व्हतं.”

“तांबं आज नरम नि सकाय कडक, आसं ऱ्हास का?”

चिंधाने कांडीला हात लावला नाही. खरं सांगायचं तर त्या दिवसापासून तो स्वतःशीच हे घोळत होता. जोर लागला नाही, असं आपल्याला वाटलं. पण रागात माणसाला आपला जोर कळतो का? एसटीचं स्टिअरिंग फिरवून कमावलेले हात. लेकीचा जीव गेला त्या वस्तूवर ते हात पडले आणि ती वाकली. कोण म्हणेल, आपोआप वाकली? त्याचं त्यालाच खरं वाटेनासं झालं होतं.

“तिनं शेवटलं काम व्हतं ते,” मंदाबाई म्हणाली, आणि कांडी पुन्हा गुंडाळू लागली.

थंडी पडायला लागली तेव्हा रूपा आली. आधी न कळवता, एकटीच, खांद्याला बॅग लावून. मंदाबाईने तिला चहा दिला, तिच्या घरचं विचारलं. रूपाचं लक्ष चहात नव्हतं.

“काकू, मी सरांना न सांगता आलेय,” ती शेवटी म्हणाली. “ते तुम्हाला कधीच विचारणार नाहीत. म्हणून मी विचारते. ती कांडी मला परत हवीय.”

“कशाला? वाया गेली ना ती?”

“मधली वाया गेली. वाकलेला भाग नुसता तापवला तरी आत लाखो दाणे होतात, तो कधी सुधारत नाही. पण टोकाकडचा दोन बोटं भाग सरळ आहे. तेवढा कापून साच्याच्या बुडाशी ठेवला, आणि वर बाकीचं वितळवून पुन्हा तसंच सावकाश गार केलं, तर नवीन तांबं त्या तुकड्याच्याच रांगेत वाढतं. बियाणं म्हणतो आम्ही त्याला. संघमित्राला भेटलेली दिशा पुन्हा भेटेल. तिचं मोजायचं राहिलेलं सगळं मी मोजीन. तिच्या नावाने छापू.”

“म्हंजे वितळवशील ते,” मंदाबाई म्हणाली.

“हो.”

“मग तिचं काय उरलं त्यात? तिने केलेलं ते वितळलं की तू केलेलं होईल.”

रूपाने चहाचा कप खाली ठेवला. चिंधा दाराशी उभा होता. त्याला म्हणावंसं वाटलं, देऊन टाक. पण त्या कांडीबद्दल बोलायचा आपल्याला हक्क उरला नाही, असं त्याला वाटे. तो उंबऱ्यापाशीच थांबला.

रूपाने बॅगेतून एक छोटी डबी काढली. “रिकाम्या हाताने न्यायची नव्हती मला. हा तिच्या आधीच्या एका खेपेचा तुकडा आहे. वरचा भाग बिघडला होता, खालचा एवढा चांगला निघाला. दिशा वेगळी होती म्हणून तिने बाजूला ठेवलेला. हा तुमच्याकडे राहू दे. फक्त धरताना जपून. पहिल्यांदा फार मऊ असतो.”

“मऊ?” मंदाबाईने विचारलं.

“सगळे अणू एका रांगेत ना, एकमेकांवरून सहज सरकतात. पण एकदा सरकले की गुंता होतो त्यांचा. मग ते हलत नाहीत. आबांच्या हातात झालं तेच. मी स्वतः पहिल्या वर्षी एक वाकवलाय, नुसता चिमट्याने उचलताना. खूप रडले होते.”

मंदाबाईने डबीतला तुकडा घेतला. बोटाएवढा लांब होता. तिने तो दोन्ही हातांच्या अंगठ्या-बोटांत धरला.

“काकू—”

मंदाबाईने अंगठे जरासे टेकवले. तुकडा वाकला. लोणी वाकावं तसा. मग तिने तो सरळ करून बघितला. आधी बोटांनी, मग मुठीने, मग ओठ आवळून, कपाळावर शिरा येईपर्यंत. तो हलला नाही.

तिने तुकडा डबीत ठेवला आणि डबी मांडीवर धरली. मग वर बघितलं, ते चिंधाकडे. तो दाराची चौकट धरून उभा होता आणि त्याचे डोळे भरून आले होते. इतक्या दिवसांत तो तिच्यासमोर रडला नव्हता.

“इथं बसा ना,” ती त्याला म्हणाली. “उभा कसाले ऱ्हायनात?”

तो आत येऊन तिच्याशेजारी बसला. मंदाबाई उठली, कपाटातून ओढणीत गुंडाळलेली कांडी आणली आणि रूपाच्या हातात दिली. ओढणी मात्र काढून घेतली.

“आम्ही येऊ,” ती म्हणाली. “वितळवशील त्या दिवशी.”

त्या दिवशी बोरसे सर स्वतः स्टेशनवर आले होते. त्यांनी दोघांना आपल्या गाडीत घेतलं. गिरणेच्या पुलावर सर म्हणाले, “तुम्ही दिलीत, हे मोठं केलंत.” चिंधा म्हणाला, “ती लेकीसाठी दिली.” सरांनी मान हलवली.

कांडी करवतीने कापली नाही. करवतीच्या धक्क्यानेही आतली रांग बिघडते. तेजाबात भिजवलेला बारीक दोरा चाकावरून तिच्यावर फिरत राहिला आणि तिला थोडं थोडं खात गेला. हे काम रूपाने आधीच करून ठेवलं होतं, शेवटचं थोडं बाकी होतं. ते आईबापांसमोर झालं. टोकाकडचा तुकडा सुटून कापसावर पडला. वाकलेला भाग आणि दुसरं टोक वेगळं झालं.

रूपाने बियाण्याचा तुकडा साच्याच्या बुडात उभा बसवला, त्याच्यावर बाकीचं तांबं ठेवलं, आणि साचा भट्टीत चढवला. पंप सुरू झाला. आकडे चढायला लागले. भट्टीला एका बाजूने पैशाएवढी काच होती. त्यातून आधी लाल, मग नारिंगी, मग डोळ्याला सोसवेना असा उजेड दिसायला लागला.

“आता वितळलं,” रूपा हळूच म्हणाली.

मंदाबाईने काचेतून बघितलं नाही. ती पाठ फिरवून भिंतीशी उभी राहिली आणि तिने ओढणीचा बोळा तोंडाशी धरला. चिंधा तिच्याजवळ गेला. दोघं तसेच उभे राहिले. सर आणि रूपा यंत्राकडे बघत होते, त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

दुपारच्या गाडीला वेळ होता. जळगाव स्टेशनच्या फलाटावर, पाण्याच्या नळाशेजारच्या बाकावर, दोघं बसले. रूपाने बांधून दिलेले पोहे मंदाबाईने उघडले, पण कुणी खाल्ले नाहीत.

“मन्हा मनमा राग व्हता त्या दिन,” चिंधा एकाएकी म्हणाला. “सरवर, तांबावर, बठ्ठावर. रूपा काय बी सांगो. तो हातमा उतरना का नही, ते माले आजून समजत नही.”

मंदाबाईने पोह्यांचा पुडा पुन्हा बांधला.

“माले बी व्हता,” ती म्हणाली. “पोरवर. ताप उतरना म्हने, नि मी खरं मानं. त्याच दिन गाडीमा बसनी आसती, तर...” तिने वाक्य पुरं केलं नाही. “तुम्हना हातमा ते उनं. मन्हा हातमा ऱ्हातं, तर मी बी वाकाडं आसतं.”

समोरच्या फलाटावर मालगाडी लागली होती. तिचे डबे एकामागून एक जात राहिले. चिंधाने तिच्या हातावर हात ठेवला. तिने काढून घेतला नाही.

रूपाचा फोन माघात आला. कांडी निघाली होती. पूर्ण नाही. निम्म्याच्या वर कुठेतरी दुसरा दाणा धरला होता, लाइटचा झटका म्हणा की साच्याचा दोष म्हणा. पण खालचा भाग एकच होता, आणि दिशा तीच होती.

“म्हणजे अर्धं,” मंदाबाई म्हणाली.

“अर्धं, काकू. पण मोजायला पुरेल.”

मोजायला पुढचे कितीतरी महिने गेले. पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात रूपा शिंदखेड्याला आली, तेव्हा तिच्याकडे छापून आलेली पानं होती. इंग्रजीतली. पहिलं नाव संघमित्रा चिंधा बैसाणे, त्यापुढे एक लहानशी खूण, आणि खाली त्या खुणेशी एक ओळ. रूपाने ती वाचून सांगितली: ही आता हयात नाही. चिंधाने ती ओळ कुठे आहे ते विचारून घेतलं आणि तिच्यावर बोट ठेवून थोडा वेळ बसला.

मंदाबाईने वरण-बट्टी केली होती. वांग्याची भाजी केली होती. रूपा लाजत लाजत जेवली. तिला पुढच्या कामासाठी बंगळूरला जायचं होतं, असं ती म्हणाली.

“घरचे काय म्हणतात?” चिंधाने विचारलं.

“लांब आहे म्हणतात.”

“लांबच आहे,” चिंधा म्हणाला. “जा तू. ताप आला तर घरी ये. कसलीही भट्टी लागलेली असू दे.”

“येईन, आबा.”

दोघं तिला डेपोपर्यंत सोडायला गेले. चिंधाने ओळखीच्या कंडक्टरला सांगून तिला खिडकीची जागा दिली. गाडी वळून धुळ्याच्या रस्त्याला लागली, तरी मंदाबाई फलाटाच्या कडेला तशीच उभी होती. चिंधा थोडा वेळ थांबला. मग म्हणाला, “चाल, मंदा.”

ती म्हणाली, “थांबा जरासं.”